छापावर छाप

लोणखेड्याहून शहाद्याच्या बाजाराला निघालेल्या एका पावरा आजीच्या गळ्यात राणीछाप कलदारांची माळ होती. माझी नजर व्हिक्टोरियाच्या चेहऱ्यावर टिकली नाही. ती थांबली प्रत्येक रुपयाच्या माथ्यावर सोनाराने जोडलेल्या कडीवर. नाणी जमवणारे असा रुपया बाजूला सारतात. कडी लागली, की त्यांच्या लेखी नाणं बिघडलं. मला हे मुळीच पटत नाही.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, मुळात सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता: एकीकडे तीन कमानींची टेकडी, दुसरीकडे उज्जैनचं चिन्ह. ती चांदी वितळवलेली नाही. नहपानाच्या गालावरच टेकडी उमटली आणि तिच्या कडेने ग्रीक अक्षरं डोकावत राहिली. हरलेला आणि जिंकलेला राजा एकाच चकतीवर! एकसंध, कोऱ्या नाण्यात एवढा इतिहास कुठून मावणार?

कॅरिबियन बेटांवर तर नाण्यांवर छिन्नीच चालली. सुट्या पैशांची चणचण असायची, म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे स्पॅनिश आठ रियालच्या नाण्याचे तुकडे पाडत. कुठे मधोमध भोक पाडून बेटाचा ठसा मारत, म्हणजे चांदी जहाजातून बाहेर जाऊ नये. त्या चांदीमागे दक्षिण अमेरिकेतल्या पोटोसीच्या खाणीत वेठीला धरलेले मूलनिवासी होते, आणि ती फिरत होती गुलामांनी पिकवलेल्या साखरेच्या मळ्यांभोवती. ठसा मात्र सत्तेचाच.

आजीचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, बारांतले अकरा भाग चांदी. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकसारखा झालेला. १९४० मध्ये सरकारने चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा जुना रुपया गळ्यात राखणाऱ्या बायांचं शहाणपण खरं ठरलं. राजांनी छाप मारून नाणं आपलं म्हटलं. सातपुड्यातल्या बाईने कडी लावून. तिचा हक्क मला तेवढाच मोठा वाटतो.

पण अडीनडीला माळ मोडते. सराफाच्या काट्यावर ती फक्त वजन असते. मग मूस, मग लगड. संग्रहालयांनी नहपानाच्या शेजारी अशी एक माळ मांडावी, कड्यांसकट, आणि खालच्या पाटीवर व्हिक्टोरियाच्या आधी ती घालणारीचं नाव लिहावं.