मेला, केला, गेला

मे महिन्यात भाची पिशोरला आली की ओसरीचे दोन वाटे पडतात. एकीकडं आई गोणपाटावर अद्रकाचं बेणं निवडत बसते, दुसरीकडं ही मोबाइल घेऊन स्पॅनिश पाठ करते. आई एकेक कांडी उजेडात धरते, फुगलेला डोळा बघते आणि तेवढा तुकडा बोटांनी मोडते. खट्‌. ओसरीभर तिखट वास.

"मामा, ही क्रियापदं आतूनच बदलतात!" भाची वैतागली. 'दोर्मीर' म्हणजे झोपणे. मी झोपलो, 'दोर्मी'. तो झोपला मात्र 'दुर्मिओ'. शेपटीतल्या 'इओ'नं पोटातल्या 'ओ'ला ओढून 'उ' करून टाकलं. मरणे, 'मोरीर', त्याचीही तीच गत: 'मुरिओ'. 'ओ'चा 'उ' होणारी जोडी जवळजवळ एवढीच, झोप आणि मरण. मी, तू म्हणेस्तोवर धातू शाबूत. 'तो' आला की बदलला.

मी हसलो, तेवढ्यात माझा चार वर्षांचा पोरगा आतून ओरडला, "आज्जी, मी समदं काम करलं!"

"करलं नाही रं, केलं म्हण."

"का?"

"का म्हंजे? तसंच म्हणतेत."

पोराचं काय चुकलं? बस-बसला, उठ-उठला. धातूला 'ला' लावायचा, एवढाच नियम. कुरवाळणे, खरवडणे ही क्वचितची क्रियापदं तो निमूट पाळतात. मोडतात ती रोजची: कर-केला, मर-मेला, ये-आला, हो-झाला. 'जा'चा तर 'गेला'त मागमूसही नाही. संस्कृतातले 'कृत', 'मृत', 'गत' प्राकृतात 'त' गाळून बसले, पुढं 'ल' चिकटला आणि केला, मेला, गेला आपल्यापर्यंत आले. अडगळीतली वस्तू कधीतरी काढून दुरुस्त करता येते. आईच्या सासूची विळी मात्र पातं झिजून निम्मं झालं तरी बदललेली नाही, कारण ती रिकामी सापडतच नाही. रोजच्या क्रियापदांचं तेच. वेशीतून परतणाऱ्याला आमच्याकडं दहादा तरी विचारतात, "कुठं गेल्ता?" इतक्या वेळा तोंडात येणाऱ्या शब्दाला नियम लावायचा कुणी, आणि कधी?

"आता हे ऐका," भाची म्हणाली. "जाणे म्हणजे 'ईर', पण गेला म्हणजे 'फुए'. आणि होता म्हणजेही 'फुए'. दोन्हीला एकच शब्द!"

आईनं मान वर केली नाही. "बरोबरच हाये की. तुझे आजोबा होते. गेले."

खट्‌. कांडी डोळ्याच्या भलतीकडंच मोडली.

पोरगा दारात येऊन उभा होता. "आजोबा कुठं गेल्ते?"

या खेपेला त्याला कुणी दुरुस्त केलं नाही.