व्हायरल लोड चांगला, मग गोळी का बदलायची?

रिपोर्टवर व्हायरल लोड ‘आढळला नाही’ असं होतं, तरी गडचिरोलीच्या एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचारांच्या) केंद्रातले डॉक्टर मामाजींची गोळी बदलायचं म्हणत होते. सोबत पहिल्यांदाच गेलेल्या मला काही उलगडेना. गोळी टीएलडी: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर, तिन्ही एकात, रोज एक. चालतेय तर चालू द्या ना!

डॉक्टरांनी मामाजींना वजनकाट्यावर उभं केलं. 43 किलो. वय 67, क्रिएटिनिन 1.2. कागदावर आकडा ठीकच दिसतो. पण वय-वजन धरून हिशेब केला तर मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला 36 मिलिलिटर निघाली. वाळल्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिनही कमी तयार होतं. 50 च्या खाली टेनोफोव्हिर नको. त्यात डोल्युटेग्राव्हिरनेही क्रिएटिनिन थोडं चढतं, मूत्रपिंडाला काहीही न होता! इथे मी हात टेकले.

मग औषधांची पिशवी टेबलावर रिकामी झाली. साखरेची मेटफॉर्मिन, दिवसाला दोन ग्रॅम. डोल्युटेग्राव्हिरसोबत तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून एक ग्रॅमच्या वर नको. अशा मूत्रपिंडाला तर तेवढीही जपूनच. कॅल्शियम एआरटीच्या गोळीसोबत उपाशीपोटी घेतलं तर गोळी अंगी लागत नाही. दोन्ही जेवणासोबत घ्या, नाहीतर एआरटीची गोळी दोन तास आधी. आणि गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक! मूत्रपिंडाला जाच करणारी ती गोळी पाहून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

साखरेच्या डॉक्टरांना एआरटीचं ठाऊकच नव्हतं. “कोनाले सांगू?” मामाजी म्हणाले. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय असं कुणाला कळवता येत नाही; उपचारासाठी गरजेचं असेल तर उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना तेवढं कळवता येतं. तरी केंद्रातले डॉक्टर मामाजींना विचारूनच कळवणार होते. कायदा मला पटतो. गाव मी पाहिलंय.

टेनोफोव्हिरच्या जागी अबाकाव्हिर येणार होतं, पण लगेच नाही. आधी हिपॅटायटिस बीची तपासणी, कारण टेनोफोव्हिर त्यालाही आवरून धरतं. ते काढलं तर तो उसळू शकतो. शिवाय ईसीजी, कारण हृदयविकार असेल तर अबाकाव्हिर जपून. “मग जुनी झिडोव्हुडिन?” मी उगाच शहाणपण केलं. तिने रक्त कमी होतं, मामाजींचं हिमोग्लोबिन आधीच खाली, आणि आपला जिल्हा सिकलसेलचा.

साखरेच्या डॉक्टरांना चिठ्ठी द्यायला मामाजी बऱ्याच वेळाने तयार झाले. डायक्लोफेनॅकऐवजी पॅरासिटामॉल घ्या म्हटल्यावर मात्र बिथरले. “त्यानं माह्या गुडघ्याले काय होते? मंग वावरात जाऊ कसा?”