सागरची परेड : विमानाने की गाडीने?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रस्ते रुंद आणि सरळ आहेत. पहाटे पाळी बदलण्याआधी ते मोकळे असतात. आमचा थोरला दोन वर्षे ह्याच रस्त्यांवर धावला. सोळाशे मीटरचे अंतर त्याच्या काकांनी सायकलच्या चाकाच्या फेऱ्या मोजून आखून दिले होते. आत्या रोज चार वाजता त्याला उठवी. आजी दूध तापवी. शेवटी पोरगा अग्निवीर म्हणून निवडला गेला आणि मध्य प्रदेशात सागरला, महार रेजिमेंटच्या केंद्रात दाखल झाला.

ट्रेनिंग एकतीस आठवड्यांचे. नोव्हेंबरात त्याचा फोन आला, "डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परेड आहे. आई-बाबा, तुम्ही या." आनंद झाला आणि पाठोपाठ प्रश्न पडला : जायचे कसे?

महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. केंद्र आज तिथेच असते, तर सकाळच्या एस.टी.ने जाऊन रात्री घरी जेवायला आलो असतो. पण सागर कागलहून सुमारे बाराशे किलोमीटर.

पहिला विचार रेल्वेचा. मिरजेहून गोवा एक्सप्रेस भोपाळला जाते. पण आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते आणि आम्हाला तारीख कळली पंधरा दिवस आधी. वेटिंग मोठे होते. सत्तर वर्षांच्या आजीला घेऊन इतक्या लांब उभ्याने कसे जाणार?

मग धाकटी म्हणाली, "विमानाने जाऊया की!" उजळाईवाडीला उतरणारे विमान आम्ही कारखान्याच्या दारातून रोज पाहतो, पण आमच्या घरातले कोणी त्यात बसलेले नाही. एका दमात "नको" म्हणवेना. कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

सागरला प्रवासी विमानतळ नाही. जवळचे म्हणजे भोपाळ, जबलपूर आणि खजुराहो. म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर मुंबई, तिथून भोपाळचे विमान, आणि पुढे पावणेदोनशे किलोमीटर टॅक्सी. तरीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचता येते. रजा वाचते. आमच्यासारख्यांना ही गोष्ट लहान नाही. कायद्याने वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते; पण काका ठेकेदाराकडे आहेत, त्यांचा खाडा म्हणजे थेट पगाराला कात्री.

पाहिले त्या दिवशी मुंबई-भोपाळ एका माणसाचे एका बाजूचे भाडे सहा हजार होते. तिघांचे जाऊन-येऊन छत्तीस हजार, टॅक्सी वेगळी. घरची माणसे तर सात. शिवाय आजीच्या आधार कार्डावर नाव एक आणि रेशन कार्डावर दुसरे. विमानाच्या तिकिटावर ओळखपत्रातलेच नाव लागते.

दुसरा मार्ग क्रुझर गाडीचा. शेजारच्या वडापवाल्याला विचारले. तो सरळ माणूस, म्हणाला, "वडापची गाडी परराज्यात चालत नाही. पिवळ्या पाटीची, टुरिस्ट परमिटवाली बघा." तशी मिळाली. जाऊन-येऊन चोवीसशे किलोमीटर, लिटरला बारा धरले तर दोनशे लिटर डिझेल, म्हणजे अठरा हजारांच्या आसपास. भाडे, टोल, ड्रायव्हरचा भत्ता धरून हिशेब चाळीस हजारांच्या आत बसला. विमानाने तिघे जातात, तेवढ्यात गाडीने सात.

पोराचा पुन्हा फोन आला. "बाबा, खर्च करू नका. परेड तासाभराची असते." त्याच्या हातात महिन्याला २१,००० पडतात. नोकरी चार वर्षांची. जून २०२२ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हाच सांगितले होते की, पुढे पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुले कायम होतील. पोराचे म्हणणे खोटे नव्हते. रात्री आम्ही दोघे त्यावरच बोलत राहिलो. कर्ज काढायचे नाही, हे मात्र ठरवले.

निकाल आजीने दिला. "विमानात तिघं बसणार. मग त्याला पहाटे उठवणारी घरी राहणार, आन् रस्ता मोजून देणारा बी घरी? तो परेडीत चालताना कुणाकुणाला शोधंल?"

गाडीच ठरली. काकांनी चार दिवसांचा खाडा पत्करला. एक नियम केला : रात्री गाडी चालवायची नाही. थंडीत मध्य प्रदेशात पहाटे धुके धरते. डिसेंबरच्या सुरुवातीला ते कमी असते. महिन्याच्या शेवटी आणि जानेवारीत दाट होते. तेव्हा विमानेही लांबतात. सूर्य वर आल्यावर निघायचे आणि अंधार पडण्याआधी मुक्काम करायचा.

रस्ता धरल्यावर एक गोष्ट लक्षात आली. पुणे-नगर रस्त्यावर भीमा-कोरेगावचा विजयस्तंभ लागला. धुळ्याहून इंदूरकडे जाताना महू आले. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब तिथे जन्मले, कारण त्यांचे वडील सुभेदार रामजी तिथल्या लष्करात होते. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली आणि ती पुन्हा उघडावी म्हणून किती खटपटी कराव्या लागल्या, हे काकांनी धाकटीला स्मारकाच्या पायरीवर बसून सांगितले. भोपाळहून सागरच्या वाटेवर सांची. आजीने स्तूपाला प्रदक्षिणा घातली. गुडघे दुखत होते, तरी थांबली नाही.

परेडच्या दिवशी बँड सुरू झाला. एकसारख्या टोप्यांत आपला पोरगा कुठला, हे आम्हाला ओळखता येईना. आत्याने ओळखला. "तिसऱ्या रांगेत, डावीकडून पाचवा. पाय बघा त्याचा, आपल्या रस्त्यावर पळताना असाच पडायचा."

मग आई-बापांच्या छातीला गौरव पदक लावले. आम्ही ते काढून आधी आजीच्या पदराला लावले, मग आत्याच्या, मग काकांच्या शर्टाला. पोरगा हसला आणि नंतर रडला.

ज्यांच्या घरची मुले अशी दूर शपथ घेणार असतील, त्यांना आमचे सांगणे एवढेच : किती जणांना आत सोडतात हे केंद्राकडून आधी विचारून घ्या. आजारी माणूस असेल, रजा अगदीच नसेल तर विमान चांगले. मग तिकिटावरचे नाव तपासा. नाहीतर घरातल्या माणसांची यादी आधी करा आणि गाडी मागाहून ठरवा.

परतल्यावर दुसऱ्या पहाटे आम्ही कामाला निघालो. एमआयडीसीच्या रस्त्यावर गल्लीतली दोन पोरे धावत होती. काका सायकल थांबवून त्यांच्या सोळाशे मीटरची खूण दाखवत होते.