पातळ वरण आणि आमची चिकित्सा

गल्लीतल्या एखाद्या साध्या खानावळीवर परीक्षण लिहावं का? जिथलं जेवण वाईट नाही आणि फार चांगलंही नाही, जिचं नाव दोन गल्ल्यांपलीकडे कोणाला माहीत नाही, अशा ठिकाणाबद्दल जाहीर मत मांडून कोणाचं भलं होतं? शिष्यवृत्त्या रखडल्यात, उपवर्गीकरणाचा वाद पेटलाय, अशा वेळी वरणावर काय लिहायचं, असं आमच्यातल्याच एकाने विचारलं. पण या वरणावरून आमच्या हातून एक चूक झाली आहे. ती चूक नुसती स्वयंपाकाची नाही, चळवळीतल्या माणसांची आहे. म्हणून लिहितो आहोत.

औरंगाबादेत शिकायला आलेल्या आमच्यासारख्या पोरांचं निम्मं आयुष्य मेसवर जातं. आम्ही सातआठ जण ज्या मेसवर जेवायचो ती पत्र्याच्या दोन खोल्यांची. मालक पन्नाशीचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते भाजी-वरण करायचे, काकू आणि त्यांची बहीण पोळ्या लाटायच्या. महिनेवारीची चाळीसेक मुलं, शिवाय काही डबे. सगळ्या जातींची पोरं तिथे जेवायची. दारावर ‘घरगुती भोजनालय’ एवढाच बोर्ड. त्यावर आडनाव नाही, कसलंही चित्र नाही. बाबासाहेबांचा फोटो होता, पण आतल्या खोलीत, पिठाच्या डब्याच्या वरती. तो दिसायचा फक्त ताट धुवायला आत जाणाऱ्याला.

एका रविवारी आम्ही ठरवलं की आपल्या लोकांच्या छोट्या धंद्यांबद्दल लिहायचं. चळवळीत आर्थिक स्वावलंबनाच्या गोष्टी खूप होतात, पण आपल्या माणसाचं दुकान कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. मग पहिला मजकूर काकांच्या मेसवरच लिहिला. प्रामाणिक राहायचं म्हणून लिहिलं की वरण पातळ असतं, आठवड्यातून चार दिवस बटाटाच असतो, पोळी बरी असते, एकूण जेवण मध्यम. आणि शेवटी लिहिलं की मालक आपल्या समाजाचे आहेत, म्हणून समाजबांधवांनी आवर्जून जावं, जय भीम. पत्ता दिला, फोटो टाकला, व्हॉट्सअ‍ॅपच्या दहा-बारा गटांत पाठवला. तो पुढे कुठे कुठे गेला याचा हिशेब आमच्याकडे नाही.

पुढच्या महिन्यात चाळीसपैकी बारा जणांनी मेस सोडली. कोणी म्हणालं परीक्षा संपली, कोणी म्हणालं खोली लांब पडते. बहुतेक जण म्हणाले, “वरण फार पातळ असतं हो.” जात कोणीही काढली नाही. बोलून दाखवायची गरजच नव्हती.

काका भांडायला आले नाहीत. आम्हीच महिन्याचे पैसे द्यायला गेलो तेव्हा म्हणाले, “पोरांनो, वरण पातळ हाय हे मलाबी ठाऊक हाय. तुरीच्या डाळीचा भाव बघा अन् मग माझं वरण बघा. त्याचं मला वाईट वाटलं न्हाई. पण माझं घर कशाला दाखवलं सगळ्यांला? मला इचारायचं तरी.”

आमच्याकडे तयार उत्तर होतं. लपवायचं कशाला? स्वाभिमानाने सांगायला काय हरकत आहे? आम्ही वर्षानुवर्षं भाषणांत हेच सांगत आलो. पण ते वाक्य त्या दिवशी आमच्या तोंडातून निघालं नाही. कारण स्वाभिमान आमचा होता आणि बारा ताटं त्यांची गेली होती.

घरी येऊन बडोद्याची गोष्ट पुन्हा वाचली. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नावाने नोंद करून ते राहिले. काही दिवसांत लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्या नोंदवहीतल्या नावाबद्दल आपण त्यांना कधी भित्रे म्हटलं का? नाही. आपण विचारतो की खरं नाव सांगितल्यावर छप्पर न देणारं ते शहर कसलं होतं. मग काकांच्या बोर्डावर आडनाव नाही याचा जाब काकांना विचारायचा की आडनाव कळताच जेवणाची चव बदलणाऱ्यांना?

आमच्यातल्या एकाने शाहू महाराजांचा दाखला दिला. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळेंची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते. राजवाड्याच्या नोकरीत असताना सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करायला सांगितलं. त्यांनी ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढलं. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. आमचा मित्र म्हणाला, आपणही तेच केलं, आपल्या माणसाच्या हॉटेलची जाहिरात केली.

नाही, तेच केलं नाही. तीन फरक आहेत. एक, गंगारामांची जात गावाला आधीच माहीत होती, महाराजांनी ती उघड केली नाही. दोन, महाराजांनी चहा चांगला की मध्यम यावर निकाल दिला नाही, त्यांनी तो प्यायला. तीन, आणि हाच मुख्य, महाराजांच्या मागे सत्ता होती. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कप नाकारण्याची किंमत मोजावी लागली असती. आमच्या मजकुराच्या मागे कोणती सत्ता होती? आम्ही शाहूंची मोकळीक घेतली, शाहूंची ताकद आमच्याकडे नव्हती. नुकसान झालं तर ते भरून देण्याचीही आमची ऐपत नव्हती.

आता टीकेच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्या मजकुरात दोन गोष्टी एकत्र आल्या, वरणाची चव आणि मालकाची जात. या दोन्हींची गाठ आम्ही मारली आणि जातीला एक सभ्य कारण पुरवलं. उद्या कोणी काकांच्या मेसवर जायचं टाळलं तर त्याला जातीयवादी म्हणता येणार नाही. तो म्हणेल, वरण पातळ असतं, तुम्हीच लिहिलंय. संविधानाच्या कलम १५ ने दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं सगळ्यांना खुली केली. १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक उपाहारगृहातली भांडी वापरायला अस्पृश्यतेच्या कारणावरून मनाई करणं गुन्हा ठरवलं. म्हणजे चहाच्या टपरीवर आपल्यासाठी वेगळा कप ठेवला तर तक्रार करता येते. पण आपल्या माणसाच्या खानावळीत कोणी आलंच नाही, तर त्याविरुद्ध कोणतं कलम लावणार? जात दारातून आत येऊ देत नव्हती तेव्हा तिच्याशी कायद्याने लढता आलं. आता ती आपल्या दारात येत नाही, आणि न येण्याला ‘आवड’ म्हणतात.

आणि या बारांमधले किती जण जातीमुळे गेले, किती खरोखर वरणामुळे गेले, हे आम्हाला कधीच कळणार नाही. कदाचित दोघं-तिघं खरंच परीक्षा संपली म्हणून गेले असतील. पण ते कळू नये अशी सोय आम्हीच करून ठेवली.

मग यावर उपाय काय, गप्प बसायचं? आपल्या माणसाचं आहे म्हणून पातळ वरणाला घट्ट म्हणायचं? हे आम्हाला मान्य नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला तो फक्त पुढाऱ्यांपुरता नाही. ‘आपला’ म्हणून तपासायचं नाही, ही सवय एकदा लागली की ती खानावळीतून संघटनेत आणि संघटनेतून पक्षात जाते. शिवाय ताटावर बसलेला पोरगाही गरीबच आहे. शिष्यवृत्ती वेळेवर न आल्याने उधारीवर जेवणाऱ्या मुलाला पातळ वरण चालवून घे, समाजाचं काम आहे, असं सांगणं हा अन्यायच. आणि काकांनाही दयेचं गिऱ्हाईक नको आहे. कौतुक करण्यासाठी खोटं बोलावं लागतं, असं आपण ज्याच्याबद्दल धरून चालतो, त्याला आपण कमी लेखत असतो.

दुसरीही एक पळवाट आम्ही शोधून पाहिली. ‘मध्यम’ ठरवणारी जीभ कोणाची, असं विचारायचं. हा प्रश्न खरा आहे. शाहू पाटोळेंचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचल्यावर कळतं की मराठी पाककृतींच्या पुस्तकांतून आपलं ताट किती काळ गायब होतं, आणि जे पूर्णब्रह्म म्हणून मिरवलं ते कोणाचं होतं. येसराची आमटी ज्याने कधी खाल्ली नाही त्याने तिला तिखटजाळ म्हणून कमी गुण देणं ही चिकित्सा नव्हे. पण काकांचं वरण पातळ होतं ते संस्कृतीमुळे नव्हे. ते डाळ महाग आणि महिनेवारी कमी म्हणून पातळ होतं. गरिबीला परंपरा म्हणून गौरवणं हा आपल्याकडे नवा रोग आला आहे, तो इथे लावायचं कारण नाही.

लॉस एंजेलिसमध्ये जोनाथन गोल्ड नावाचा समीक्षक होऊन गेला. स्थलांतरितांच्या छोट्या, बिनबोर्डाच्या म्हणाव्या अशा खानावळींबद्दल तो आयुष्यभर लिहीत राहिला आणि २००७ साली त्याला पुलित्झर मिळालं. लहान जागांवर लिहूच नये असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. लहान असणं हा लिहिण्याच्या लायकीचा प्रश्न नाही. प्रश्न असा की लिहिणाऱ्याने आपल्या शब्दाचं वजन आणि समोरच्या गल्ल्याचं वजन मापून पाहिलं का. मोठ्या हॉटेलला वाईट शेरा मिळाला तर मालक जाहिरात करतो. काकांना मिळाला तर डाळ आणखी पातळ होते. आणि आज मोबाइलवर तारे देणारा प्रत्येक जण समीक्षक आहे, तेव्हा ही जबाबदारी थोड्या लेखकांपुरतीही राहिलेली नाही.

म्हणून आम्ही स्वतःसाठी काही नियम केले आहेत. छोट्या ठिकाणी पैसे देऊन निदान तीन वेळा जेवल्याशिवाय लिहायचं नाही. चवीबद्दलची तक्रार आधी मालकाला तोंडावर सांगायची, आणि ती का आहे हे त्याच्याकडून ऐकायचं. मालकाची जात, धर्म, गाव त्याला विचारल्याशिवाय कधीच लिहायचं नाही, कौतुकासाठीसुद्धा नाही. मात्र काही गोष्टी तोंडावर मिटवायच्या नाहीत, त्या लहान-मोठा न पाहता जाहीर करायच्या: वेगळे कप, आडनाव विचारून बसवणं, चौदा वर्षांखालच्या मुलाकडून भांडी घासून घेणं, घाण पाणी. वरण पातळ असणं ही मालक आणि जेवणाऱ्यातली बाब आहे. कप वेगळा असणं ही सगळ्या समाजाची बाब आहे. या दोन गोष्टी एकाच शेऱ्यात मिसळायच्या नाहीत. आणि कडक चिकित्सेची हौस असेल तर आधी त्या मोठ्या हॉटेलांकडे जायचं, जिथे आपली पोरं मागच्या मोरीत भांडी घासतात आणि पुढच्या टेबलावर कधी बसत नाहीत.

पुढे काय झालं तेही सांगतो. आम्ही काकांबरोबर बसून एका महिन्याचा हिशेब मांडला. गॅस, डाळ, तेल, भाडं. ताटामागे जे उरत होतं ते पाहून आम्हीच गप्प झालो. मुलांची बैठक घेतली, आकडे समोर ठेवले. महिनेवारी थोडी वाढवायला बहुतेक जण तयार झाले, चौघं नाही म्हणाले, त्यांचं कारणही खरं होतं, त्यांना जुन्याच दरात ठेवलं. आता वरण बरं आहे. उत्तम नाही. गेलेल्या बारांपैकी एक परत आला, त्याला आम्ही काही विचारलं नाही.

तो जुना मजकूर आम्ही काढून टाकला, पण पुढे गेलेल्या प्रती परत आणता येत नाहीत. या लेखात मेसचा पत्ता नाही, त्याचं कारण आता वाचणाऱ्याला सांगायला नको. मागच्या आठवड्यात काकूंनी विचारलं, “चौदा एप्रिलला फोटो भाइर लावावा का?” आम्ही म्हटलं, “काकू, ते तुम्ही ठरवा.” पूर्वी आम्ही या प्रश्नाला उत्तर द्यायला अर्धा तास घेतला असता.

जय भीम.