मागल्या बाकावरील मंडळी

तीस वर्षें आम्हीं पुण्यास एका महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविलें. दरवर्षीं पावसाळा सरत आला कीं अवमंदित दोलनांचें प्रकरण यावयाचें, आम्हीं फळ्यावर लहान लहान होत जाणाऱ्या लाटेची आकृति काढावयाची, आणि मागल्या बाकावरील मंडळींनीं ती वहींत उतरवून निद्राधीन व्हावयाचें, असा क्रम होता. या आकृतीचा आमच्या संसाराशीं कधीं संबंध येईल असें स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. तो आला गेल्या वैशाखांत, अमेरिकेंत डेन्व्हर येथें, चिरंजीवांच्या दारांत.

चिरंजीवांपाशीं टोयोटा टॅकोमा जातीचा पिकअप ट्रक आहे. असल्या गाड्या उंच करून घेण्याचा तिकडे मोठा छंद. त्यानें ती ३ इंच उंच करविली. पुढें लांब स्प्रिंगा आणि मागें जाड पाट्यांचा संच बसविला. डोंगरवाटेवर पोटास दगड लागूं नये हा सांगण्याचा हेतु. शेजाऱ्याची गाडी तितकीच उंच आहे हा खरा हेतु असावा, असा आमचा वहीम आहे. आमच्या सौभाग्यवतींना त्या गाडींत चढण्यासाठीं देवघरांतला चौरंग बाहेर काढावा लागे.

त्यांच्या मणक्याची शस्त्रक्रिया होऊन तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं. यूटा प्रांतांतील कॅन्यनलँड्सच्या लाल दऱ्या आईस दाखवावयाच्या, एवढ्यासाठीं मुलानें आम्हां उभयतांचीं तिकिटें काढलेलीं. पहिल्या रविवारीं सहज म्हणून गांवाबाहेरच्या कच्च्या रस्त्यानें आठ मैल गेलों. परत येऊन त्या न बोलतां आडव्या झाल्या, आणि रात्रीं म्हणाल्या, "अहो, तुम्ही दोघे जाऊन या. मी इथेंच बरी." मुलगा दारांत उभा होता. "शॉक बदलतों, आई," एवढेंच तो म्हणाला.

येथून आमचें दुसरें विद्यार्थिजीवन सुरू झालें. शॉक अ‍ॅब्सॉर्बर हें नांवच मुळीं फसवें. धक्का सोसते ती स्प्रिंग. पण सोसलेला धक्का ती विसरत नाहीं, वरखालीं नाचत राहते. तिचें तें नाचणें थांबविण्यासाठीं नळींतला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल रेटतो आणि गतीची उष्णता करून टाकतो. तो फार ढिला असेल तर गाडी होडीसारखी डोलते. फार आंवळला तर प्रत्येक खडा थेट पाठीस कळतो. म्हणून सुखाच्या गाडींत अवमंदन क्रांतिक मर्यादेच्या बरेंच खालीं ठेवतात. हें वाक्य आम्ही अनेकदां उच्चारलें होतें; पाठ कोणाची, हा प्रश्न मात्र तेव्हां पडला नव्हता.

ज्या कारखानदारानें गाडी उंच केली त्यानें मूळचे शॉक चालतील असें सांगितलें होतें. आम्ही दोघे जाजम अंथरून गाडीखालीं शिरलों. मुलानें जॅकनें सांगाडा उचलला, आम्हीं टेप धरला. गाडी ३ इंच वर गेल्यानें दांडा आधींच तितका बाहेर ओढलेला होता. चाक खड्ड्यांत उतरलें कीं तो आपल्या टोकास आपटे. तो खण्णकन् होणारा आवाज हाच. तथापि वाटेल तेवढा लांब शॉकहि उपयोगी नाहीं. चाक पुरतें वर आलें असतां रबरी ठोकळ्यापूर्वीं शॉकच तळाशीं टेकला, तर तो स्वतः मोडतो किंवा आपली बैठक मोडतो. म्हणून ताणलेली आणि दबलेली, दोन्ही मापें घ्यावीं लागतात. मापें आम्हीं तीनदां घेतलीं.

मग प्रकार. दुहेरी नळीचा शॉक स्वभावानें मऊ. बाहेरची नळी दगडानें किंचित् चेपली तरी आंतल्या दट्ट्याचें अडत नाहीं. पण धुण्याच्या खांचेरी फळीसारख्या कच्च्या रस्त्यावर मैलोगणती पळविला तर तेल तापतें, फेसाळतें आणि शॉकचा जोर ओसरतो. एकेरी नळींत तरत्या दट्ट्यामागें नत्रवायु दाबून भरलेला असतो, त्यामुळें तेलास फेस येऊं शकत नाहीं; बिल्स्टाइननें १९५७ सालीं मर्सिडीझ-बेंझसाठीं आणला तो हा. मात्र त्या नळीस पोंचा पडला कीं दट्ट्याच अडकतो. मुलास तिसराच हवा होता, बाजूला तेलाचा वेगळा डबा असलेला, शर्यतीच्या गाड्यांना शोभणारा. आम्हीं विचारलें, "आईला घेऊन शर्यत कोणाशीं?" त्यावर दोन दिवस अबोला.

अबोल्यांत आम्ही मागले पाटे मोजीत होतों. हा संच पाठीवर नित्य ५०० पौंड ओझें वाहणाऱ्या गाडीसाठीं आहे, असें त्याच्याच कागदांत होतें. मागें झोपण्याची खोली बसवावयाची असा मुलाचा बेत होता. ती घेणें राहिलें. ओझें नसतां तो पाटा वांकेना, आणि न वांकणाऱ्या पाट्यावर कोणताहि शॉक मऊपणा आणूं शकत नाहीं. हें त्यास सांगणें मापें घेण्याहून अवघड होतें. तो बराच वेळ कागद पाहत राहिला. मग पाना घेऊन आला आणि म्हणाला, "एक पाटा काढूं या, बाबा."

गाडी इंचभर खालीं आली. पुढच्या स्प्रिंगाहि बेताच्या घेतल्या, त्या उंचीस मापून दुहेरी नळीचे शॉक बसविले, आणि चाकांचें अलाइनमेंट करून घेतलें. शेजाऱ्याची गाडी आतां आमच्याहून उंच आहे. मुलानें एक कोपरा अंगाच्या भारानें दाबून सोडला. तो वर आला, किंचित् खालीं गेला आणि स्थिर झाला. आमच्या फळ्यावरची आकृति इतकी नीट कधींच उतरली नव्हती.

मोआबपर्यंतचे सुमारें साडेतीनशें मैल डांबरी. खरी परीक्षा पुढच्या खडीच्या वाटेवर होती. मुलानें वेग कमी केला, आणि आम्ही दोघेहि आवाजाकडे कान देऊन बसलों. खण्ण झालें नाहीं. पांच मैलांनंतर आम्हीं हळूच मान वळविली. मागल्या बाकावर सौभाग्यवती झोपल्या होत्या. मांडीवर चौरंग तसाच.