पिवळ्या दगडांचे बेट

सहलीत वाटाड्या बरोबर असला की डोक्याला ताप नसतो. कुठे उतरायचे, काय पाहायचे, किती वाजता जेवायचे, सारे तोच सांगतो. आपण फक्त त्याच्या मागून चालायचे. बोनेर बेटावर मात्र पुष्कळजण वाटाड्याशिवायच समुद्र पाहतात. तिथे वाट दाखवतात ते रस्त्याकडेचे दगड. पिवळ्या रंगाने रंगवलेले, अंगावर जागेचे नाव लिहिलेले. दगड दिसला की गाडी थांबवायची, सामान काढायचे आणि चालत चालत पाण्यात शिरायचे.

कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण भागात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, २८८ चौरस किलोमीटरचे हे बेट आहे. २०१० पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. व्यवहार अमेरिकी डॉलरमध्ये चालतात आणि घराघरांतून पापिआमेंतू भाषा बोलली जाते. वारा बहुधा पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे पूर्वेचा किनारा खवळलेला, तर पश्चिमेचा किनारा शांत असतो. या शांत बाजूला प्रवाळांची रांग काठापासून इतकी जवळ आहे की होडीची गरजच पडत नाही.

स्नॉर्केलिंगला फारसे साहित्यही लागत नाही. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क, तोंडात धरायची वाकडी श्वासनळी आणि पायांत बेडकाच्या पावलांसारखे रबरी फिन्स. पाण्यावर पालथे तरंगायचे, नळीतून श्वास घ्यायचा आणि खालचे जग पाहत राहायचे. ऐकायला सोपे वाटते, आणि बरेचसे सोपे असतेही.

ह्यूस्टनला स्थायिक झालेले एक मराठी जोडपे लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त आठवड्यासाठी या बेटावर आले. तो वाईचा, ती इंदूरची. मुलगी नोकरीला लागली होती, घराचे कर्ज फिटले होते. सहलीची कल्पना त्याची. तशा घरातल्या बहुतेक कल्पना त्याच्याच असत. तो ठरवायचा आणि ती बॅगा भरायची. या व्यवस्थेत दोघांनाही काही वावगे वाटत नव्हते.

पाणी हा तर त्याच्या हक्काचा प्रांत. वयाच्या सहाव्या वर्षी चुलत्याने पाठीला रिकामा डबा बांधून त्याला कृष्णेत ढकलले होते आणि पंधरा दिवसांत तो डबा सुटला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याने तिलाही पोहायला शिकवायचे ठरवले. घाटाच्या पायऱ्या उतरून ती कमरेइतक्या पाण्यात आली. त्याचा हात धरून दोन पावले पुढे गेली. आणि ‘‘आता ये एकटी,’’ म्हणत त्याने हात सोडला. तिच्या पायाखालचा दगड निसटला. ती क्षणभरच पाण्याखाली गेली असेल. त्याने लगेच तिला वर उचलले. घाटावरचे सगळे हसले, तोही हसला. ती मात्र हसली नाही. पुढची पंचवीस वर्षे कुठल्याही समुद्रावर गेली तरी तिने घोट्याच्या वर पाणी येऊ दिले नाही.

पन्नाशी गाठल्यावर मात्र कुणाला न सांगता तिने घराजवळच्या तलावात पोहण्याची शिकवणी लावली. शिकवणारी मुलगी तिच्या लेकीपेक्षाही लहान होती. ही विद्यार्थिनी दर वेळी घरी येऊन वहीत टिपणे लिहायची. पाण्यावर निपचित तरंगायचे कसे, दम लागला तर काय करायचे, पायात गोळा आला तर काय करायचे. तलावाची पहिली फेरी न थांबता पूर्ण करायला तिला आठ महिने लागले. मग एके दिवशी तिने नवऱ्याला तलावावर नेले आणि काठावर बसवून पोहून दाखवले. तो थक्क झाला. बोनेरची कल्पना त्याला त्या दिवशीच सुचली.

बेटावर पोचल्यावर दोघांनी मागे मोकळा हौदा असलेली पिकअप गाडी भाड्याने घेतली. समुद्रकाठी उभ्या असलेल्या गाडीत मौल्यवान काही ठेवायचे नाही, ही ताकीद तिथे सगळेच देतात. मग साहित्याच्या दुकानात तिने फुगवता येणारे केशरी जॅकेट मागितले.

‘‘अगं, अजून डबा लागतोच का तुला?’’ तो हसत म्हणाला.

‘‘लागतो. तुम्हीही घ्या एक.’’

‘‘मी? कृष्णेच्या पुरात पोहलोय मी!’’ त्याने हात झटकला आणि पैसे द्यायला पुढे झाला.

इथल्या समुद्राचे नियम कडक आहेत. १९७९ पासून बेटाभोवतीचे पाणी, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान म्हणून राखले गेले आहे. पाण्यात उतरण्याआधी शुल्क भरावे लागते. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभे राहायचे नाही, शिंपलाही उचलायचा नाही. हातमोजेसुद्धा चालत नाहीत, कारण हातात मोजे असले की माणूस बेधडक कशालाही धरतो.

पहिले दोन दिवस स्वप्नासारखे गेले. उत्तरेला ‘हजार पायऱ्या’ नावाची एक जागा आहे. कड्यावरून खाली उतरणाऱ्या पायऱ्या प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास आहेत, पण ओले सामान घेऊन वर चढताना हजार वाटतात, म्हणून हे नाव. तिथे पाण्यात तोंड घालताच तिला आधी काही दिसण्याऐवजी ऐकूच आले. कुणीतरी खडीसाखर चावत असल्यासारखा कटकट आवाज. हिरव्यानिळ्या रंगाचे पोपट मासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक खरवडून त्यावरचे शेवाळ खात होते. पोटात गेलेला खडक बारीक होऊन बाहेर पडतो आणि त्याची वाळू होते. कॅरिबियन किनाऱ्यांवरच्या पांढऱ्या वाळूत या माशांचा मोठा वाटा आहे. २०१० पासून बोनेरमध्ये त्यांना पकडायला बंदी आहे. प्रवाळावर शेवाळ माजू नये म्हणून हे मासे हवेतच.

सगळे काही सुंदर होते असेही नाही. काही प्रवाळांवर पांढरे चट्टे दिसत होते. दगडी प्रवाळांचा जीव घेणारा एक साथीचा रोग २०२३ साली या बेटावर पोचला, त्यानंतर इथल्या कित्येक जुन्या प्रवाळवसाहती मेल्या.

दुसऱ्या दिवशी तिला एक जोडी दिसली. काळ्या अंगाचे, प्रत्येक खवल्याला पिवळी कड असलेले दोन मोठे चपटे मासे. फ्रेंच एंजलफिश. हे मासे बहुधा जोडीनेच राहतात आणि आपला इलाखा मिळून राखतात. एक वळला की दुसरा वळे. कोण पुढे आणि कोण मागे, हे बराच वेळ पाहूनही तिच्या लक्षात येईना. दाखवायला तिने मान वर केली, तर तो पन्नास हात पुढे निघून गेला होता.

तिसऱ्या दिवशी ते दक्षिणेला गेले. इकडे बेट अगदी सपाट. रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मिठागरांचे गुलाबी पाणी, दूरवर फ्लेमिंगोंची रांग. वाटेत दगडी झोपड्यांची एक ओळ लागते. मिठागरांत राबणाऱ्या गुलामांच्या निवाऱ्यासाठी त्या १८५० च्या सुमारास बांधल्या गेल्या. दार इतके ठेंगणे की आत रांगतच जावे लागते. गुलामांची बायकामुले उत्तरेला रिंकोन गावात राहत. आठवडाभर मीठ काढून झाले की घरी जाण्यासाठी ते तासन्‌तास पायी चालत. १८६३ साली गुलामगिरी संपली. आतल्या अंधारात ती थोडा वेळ बसली. बाहेर आली तेव्हा तो फिन्स हातात घेऊन उभा होता.

‘‘चल, इथेच उतरू.’’

तिने पाण्याकडे पाहिले. वर तरंगणारे समुद्री गवत काठाला समांतर सरकत होते. ‘‘अहो, ओढ दिसतेय. आधी ओढीच्या विरुद्ध बाजूला जाऊ या, म्हणजे दमल्यावर परत येणं सोपं.’’

शिकवणीतला हा नियम तिच्या वहीत होता. कुठल्याही समुद्रात तो लागू पडतो. त्याने मान डोलावली आणि सुरुवात तशीच केली. पण दहा मिनिटांत एक कासव आले. मोठे, निवांत, दोन पंख मारून चार हात पुढे जाणारे. ते ओढीच्या दिशेने निघाले आणि तोही त्याच्यामागे निघाला. तिने हाक मारली, पण कान पाण्यात असलेल्या माणसाला हाक कुठली ऐकू येणार? त्याला एकटे सोडायचे नाही म्हणून तीही मागे गेली.

दर थोड्या वेळाने मान वर काढून काठ पाहायचा, हाही वहीतला नियम. तिने पाहिले. जहाजांना खूण म्हणून पूर्वी उभारलेला दगडी स्तंभ मघाशी समोर होता, तो आता खूप मागे पडला होता. गाडी खेळण्याएवढी दिसत होती. तिने त्याचा पाय धरून हलवला आणि काठाकडे बोट दाखवले. त्याने पाहिले, अंगठ्याने ‘ठीक आहे’ अशी खूण केली आणि गाडीच्या दिशेने सरळ, ओढीच्या विरुद्ध, जोरात हात मारायला लागला.

पाच मिनिटे झाली, सात झाली. खालचा एकच प्रवाळ त्याच्या छातीखाली तसाच होता. तो आणखी जोर करू लागला. एक लाट श्वासनळीवरून गेली आणि पाणी थेट घशात उतरले. नळी तोंडातून सुटली. त्याच क्षणी पोटरीत गोळा आला. ज्या माणसाला पाण्यात घाबरलेले तिने तीस वर्षांत कधी पाहिले नव्हते, त्याचे डोळे मास्कच्या काचेआड विस्फारलेले तिला दिसले.

तिची स्वतःची छातीही धडधडत होती. पण हात कामाला लागले. तिने जॅकेटमध्ये आणखी हवा फुंकली, त्याच्या जवळ गेली आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. ‘‘उताणे व्हा. काही करू नका. नुसते तरंगा.’’ हा आवाज आपला आहे हे तिलाच खरे वाटेना. तो उताणा झाला. तिने त्याच्या फिनचे टोक पकडून गुडघ्याच्या दिशेने दाबले, पोटरी ताणली जाईपर्यंत. हळूहळू गोळा सुटला. ओढ दोघांना पुढे नेत होती. तिने नेऊ दिले. फक्त तिरके, काठाच्या बाजूने, सावकाश पाय मारत राहिली. तिचा उजवा हात त्याच्या मनगटावर घट्ट होता.

किती वेळ गेला कोण जाणे. प्रवाळाच्या तुकड्यांनी भरलेल्या उथळ पाण्यात गुडघे टेकले तेव्हा समोर रस्त्याच्या कडेला एक पिवळा दगड होता. त्यावर दुसऱ्याच जागेचे नाव होते.

दोघे दगडाला टेकून बसले. पलीकडे दोन गाढवे उभी राहून या ओल्या माणसांकडे पाहत होती. या बेटावर ती मोकळी फिरतात. मग फिन्स हातात घेऊन दोघे रस्त्याने गाडीकडे चालू लागले. बराच वेळ कुणीच बोलले नाही.

‘‘वाईला मी तुझा हात सोडला होता,’’ तो एकदम म्हणाला.

ती थबकली. ‘‘आठवतं तुम्हाला?’’

‘‘तुझ्या चेहऱ्यासकट आठवतं. पण तू पुन्हा कधी विषयच काढला नाहीस.’’

‘‘तुम्ही तरी कधी विचारलंत?’’

वारा जोरात होता आणि डाव्या हाताला मिठागरे चमकत होती. तो म्हणाला, ‘‘चुकलंच माझं.’’ तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीला इतक्या उशिरा, इतकेच शब्द. तिने काही उत्तर दिले नाही. पण गाडीपाशी आल्यावर किल्ली तिने मागून घेतली आणि परतीची गाडी तिनेच चालवली. शेजारी बसून रस्ता दाखवण्याची त्याची सवय त्या दिवशी बंद होती.

सहल अजून चार दिवस बाकी होती. ती रद्द करावी असे दोघांपैकी कुणालाही वाटले नाही. भीतीने सोडून दिलेले पाणी पुन्हा गाठायला किती वर्षे लागतात, हे त्यांच्यापेक्षा चांगले कुणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी साहित्याच्या दुकानात तो तिच्या आधी शिरला. ‘‘बोन दिया,’’ म्हणून त्याने शिकलेले दोन शब्द वापरले आणि भिंतीवर टांगलेल्या केशरी जॅकेटांकडे बोट दाखवले. मग मागे वळून मराठीत म्हणाला, ‘‘मलाही डबा.’’

ती हसली. अगदी मोकळेपणी हसली.

त्या दिवशीचा पिवळा दगड गावाच्या उत्तरेला होता. जॅकेटाचे पट्टे आवळून दोघे घोटाभर पाण्यात उभे राहिले. तो नेहमीसारखा पुढे निघाला नाही.

‘‘कुठल्या बाजूनं?’’ त्याने विचारले.

तिने पाण्यावरचे गवत क्षणभर पाहिले आणि हात केला. मग मास्क चढवून दोघे बरोबरच पाण्यात शिरले.