आइंडहोव्हन : एका कंपनीचे गाव

गेल्या वैशाखात मुलाकडे हॉलंडमधील आइंडहोव्हन येथे महिनाभर राहण्याचा योग आला. स्थानकाबाहेर पडताच अँटन फिलिप्स यांचा पुतळा दिसतो. राजाचा नव्हे, सेनापतीचा नव्हे. दिवे विकणाऱ्या कारखानदाराचा! बडोद्यात काळ्या घोड्यावरील सयाजीराव पाहत वाढलेल्या मला त्याची मौज वाटली.

१८९१ साली गेरार्ड फिलिप्स यांनी वडिलांच्या भांडवलावर येथे विजेच्या दिव्यांचा कारखाना काढला. धाकटे अँटन १८९५ मध्ये आले आणि त्यांनी हा माल देशोदेशी पोहोचविला. त्या पहिल्या कारखान्यात आता संग्रहालय आहे. ते पाहण्याजोगे आहेच. परंतु माझे मन रमले ते फिलिप्सडॉर्प या कामगारवस्तीत. १९१० पासून कंपनीने बांधलेली तांबड्या विटांची आटोपशीर घरे आणि जवळच फुटबॉलचे मैदान. १९१३ चा पीएसव्ही संघही मुळात कंपनीच्या कामगारांचाच. घर, खेळ, पगार, सारे एकाच हातचे.

मला आमची वसाहत आठवली. बडोद्याजवळ एका परदेशी कंपनीत मी सत्तावीस वर्षे काढली. वसाहतीत गणपती बसे, आरतीला साहेबही येत. २००२ मध्ये विभाग बंद झाल्याची सूचना फळ्यावर लागली, तेव्हा हा निर्णय कोणत्या देशात कोणी घेतला, हे आमच्या मॅनेजरांनाही सांगता येईना. त्या सक्तीचे नाव मात्र स्वेच्छानिवृत्ती!

आइंडहोव्हननेही हे सोसले आहे. १९९० नंतर हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पुढे तर मुख्य कचेरीच ॲमस्टरडॅमला हलली. स्ट्राइप-एस या कारखान्यांच्या बंदिस्त आवारात पूर्वी बाहेरच्यांना मज्जाव असे. तेथे आज सदनिका व उपाहारगृहे आहेत. गाव मात्र ओस पडले नाही. फिलिप्सच्या भागीदारीतून १९८४ साली निघालेली एएसएमएल शेजारच्या वेल्डहोव्हनमध्ये चिप घडविणारी यंत्रे बनविते. अशा उद्योगांपायीच आपली मुलेही येथवर आली आहेत.

फिलिप्सडॉर्पमधून परतताना सौभाग्यवतींनी चिरंजिवांना विचारले, "अरे, तुझ्या कंपनीनं तुला घर नाही का दिलं?"

तो हसला. "आई, करार तीन वर्षांचा आहे. घरभाडं माझं मी भरतो." मग जरा थांबून माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही अजूनही 'आमची कंपनी' म्हणता. त्यांनी काढून टाकल्यावरसुद्धा?"

मला उत्तर सुचेना. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल कंपनीने दिलेले घड्याळ तेव्हाही माझ्या मनगटावर होते.